पाठमोरे बाण

कर्णीचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. एरवी ती कर्णीच. सभेच्या मांडवात खांबाला जो कर्णा बांधतात, त्यावरून वर्गाने तिचं हे बारसं केलेलं. यात तिचा दोष एवढाच, की तिचं घर लाकूड कापायच्या गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दिवसभर करवत चाले. बाप करवतीवर, आई फळ्यांच्या मापावर, आणि मागच्या खोलीत आजी भाजी चिरत बसलेली. या घरात मीठ मागायचं तरी करवतीच्या वरच्या पट्टीत मागावं लागे. कुणी हळू बोललंच तर आई लगेच कपाळाला हात लावून ताप बघायची. अशा घरात देवाने हात सैल सोडून गळा दिला होता. नाव घातल्यापासून शाळा तो दाबत आली होती.

शाळाही काही साधी नव्हती. तिथे चार भिंतींबाहेरचं शिक्षण फार. पोरांना डोंगरावर, रानात, ओढ्याकाठी न्यायचे. सकाळी धाडस, दुपारी लोकांची सेवा आणि संध्याकाळी दोन्हींवर निबंध. निबंधामुळे धाडसाची निम्मी चव जायची, पण त्याशिवाय आपण काही शिकवलं असं शाळेला वाटत नसे.

सगळ्या मोहिमांची राणी म्हणजे नदीमोहीम. सुट्टी लागली की मोजकी पोरं स्वतः बांधलेल्या तराफ्यांवरून नदी उतरत समुद्रापर्यंत जायची. कर्णीचा जीव त्या नदीत अडकला होता. गिरणीतले टाकाऊ ओंडके ती पायाने लोटून बघायची, कुठला तरंगेल, कुठला दगा देईल. बापाकडून गाठी शिकून घेतल्या होत्या. मागच्या वर्षी तिची निवड झालीही होती. पण त्याआधी गुहेची सहल आली. गुहेच्या तोंडाशी संस्थेचे अध्यक्ष धीर या विषयावर बोलत होते, आणि आत प्रतिध्वनी येतो का, हे कर्णीने नेमकं तेव्हाच बघितलं. प्रतिध्वनी आला. त्याच्यामागून वटवाघळं आली. धीरावर बोलणारे अध्यक्ष कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यावर बसले, ते वटवाघळं संपेपर्यंत उठले नाहीत. कर्णीची नदी गेली.

या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला आपल्या खोलीत बोलावलं.

"डोंगरावरच्या दवाखान्याची वाट रंगवायचं काम तुझ्या गटाला देते आहे," बाई म्हणाल्या. "धुक्यात लोक मधल्या फाट्यावर चुकतात आणि जुन्या खाणीकडे जातात. तिथे कडा आहे, खाली डबकं आहे. काम चोख झालं पाहिजे."

"होय बाई," कर्णी म्हणाली. खिडकीची काच थरथरली.

"दुसरी गोष्ट. वाटेच्या उद्घाटनासाठी दवाखान्याच्या दारात फीत बांधायची आहे. अध्यक्ष येणार आहेत. ती फीत कापली जाईपर्यंत तुझा चढलेला आवाज मला ऐकू येता कामा नये. एकदाही नाही. फीत कापली की तू मोकळी. त्याआधी चढला, तर नदी विसर."

"बाई, शिंक आली तर?"

"हळू शिंक."

मोठ्या बाई शब्दाच्या किती पक्क्या, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा त्या वर्गाला म्हणाल्या होत्या, घंटा होईपर्यंत कुणी जागेवरून उठणार नाही. त्या दिवशी घंटाच बिघडली. पोरं बसली. पालक येऊन दाराशी उभे राहिले. बाईही बसल्या, कारण कुणी म्हणजे त्यासुद्धा. शेवटी शिपायाने स्वयंपाकघरातून परात आणून ठोकली तेव्हा कुठे शाळा सुटली.

कर्णीच्या गटात आणखी दोघं. एक पुसट. या मुलाचं अक्षर फिकं आणि आवाज त्याहून फिका. शेजारी बसलेल्यालाही तो काय म्हणाला ते ओठांवरून ओळखावं लागे. दुसरी वकील. तिला पाणी प्यायला सांगितलं तरी ती आधी दुसरी बाजू मांडायची.

डोंगराच्या पायथ्याशी तंबू पडले. खेळाच्या सरांनी कामं वाटली. त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत, कारण वाक्य संपलं की ते शिट्टी वाजवत आणि वाक्य लांबलं तर मध्येही वाजवत. त्यामुळे त्यांच्या शिट्टीने आता कावळासुद्धा उडत नसे.

"तुम्ही तिघं पायथ्यापासून सुरू करा," शिट्टीसर म्हणाले. "चढत चढत रंगवा. प्रत्येक वळणावर मोठ्या दगडावर बाण. घाम गाळा, घाम." शिट्टी. मग ते ओढा साफ करणाऱ्या गटाकडे गेले.

तिघांसमोर रंगाचे डबे होते आणि वर आभाळात कुठेतरी दवाखाना होता. तेवढ्यात दवाखान्याची जीप औषधांची खोकी घेऊन आली. ती डोंगराला वळसा घालून लांबच्या रस्त्याने वर जाणार होती.

कर्णी घोगऱ्या कुजबुजीत म्हणाली, कारण तिचा सराव चालू होता, "डबे घेऊन चढायचं तर दगड धरायला हात कुठून आणायचे? जीप वर चाललीच आहे. आपण वरून उतरत उतरत रंगवू. दगड तेच, बाण तेच."

"सरांनी घाम सांगितलाय," वकील म्हणाली.

"उतरताना आला तर गाळू."

पुसटने काहीतरी म्हटलं. ते कुणाला ऐकू आलं नाही आणि तिघं जीपमध्ये बसली.

वर पोचल्यावर पहिल्याच दगडापाशी वकिलीणबाईंनी खटला उभा केला. बाणाचं टोक कुठे? कर्णीचं म्हणणं, आपण खाली चाललोय तर खाली. वकील म्हणाली, बाण आपल्यासाठी नाही, आजारी माणसासाठी आहे. दवाखाना वर, तर टोक वर. कर्णीला पटलं. मग दगडामागून दगड घेत तिघं उतरत गेली. समोर येणाऱ्या दगडाच्या पाठीवर पांढरा बाण, टोक वर, कडेने लाल रेघ. लाल रेघ पुसटने अशी ओढली, की त्याच्या हातून इतकं ठसठशीत काही होऊ शकतं हे दोघींना पहिल्यांदाच कळलं. मागे वळून बघायचं कुणाला सुचलं नाही. मागे काय बघायचं? काम तर पुढच्या दगडावर होतं.

पायथ्याशी पोचल्यावर वकिलीने तिघांच्या तोंडावर ओढ्याचं पाणी मारलं, घामाची उणीव भासू नये म्हणून. शिट्टीसरांनी ती ओली तोंडं आणि रंगलेले हात बघितले आणि त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी बराच वेळ शिट्टी वाजवली.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन. खुर्च्या, फीत आणि चांदीची कात्री जीपने वर निघाली. सोबत कर्णीचा गट, स्वागताला. अध्यक्षांनाही जीपमध्ये जागा करता आली असती. पण मुलांनी रंगवलेल्या वाटेने आपण पायी जाणार, असं त्यांनी आदल्या रात्री जेवताना जाहीर करून टाकलं होतं, आणि जाहीर केलेलं मागे घेण्याची त्यांना सवय नव्हती. तेव्हा खुर्च्यांना चाकं आणि अध्यक्षांना पाय, अशी वाटणी झाली. त्यांच्याबरोबर मोठ्या बाई आणि शिट्टीसर निघाले. बाकीच्या मुलांना तंबूपाशी पाहुणे परतल्यावर म्हणायचं गाणं बसवायला ठेवलं.

वर तिघांनी ओसरीच्या खांबांना फीत बांधली. कुणी मोजून आणली नव्हती, त्यामुळे ती दोन्ही खांबांना वेटोळे घालूनही उरली. कर्णी सकाळपासून एकदाही मोठ्याने बोलली नव्हती. तिचे डोळे मोठे झाले होते, जणू आवाजाला तिकडून वाट हवी होती.

मग धुकं आलं. धुकं पाडणाऱ्याला भाषणांचा कंटाळा असावा असं म्हणायला बरीच जागा आहे, कारण ते अगदी वेळेवर आलं. समोरची खुर्ची दिसेना.

त्या धुक्यातून एक छत्री आणि छत्रीखाली दवाखान्याची सिस्टर आली. रोजच्या वाटेने, पायी, कारण जीपमध्ये आज खुर्च्या होत्या.

"काय रे पोरांनो," सिस्टर बूट झटकत म्हणाली, "पाहुणे आज येताहेत ना? मग बाण कधी रंगवणार?"

"रंगवलेत," वकील म्हणाली.

"कुठे?"

"वाटेवर. प्रत्येक वळणाला."

"मी वाटेनेच आले. मला पायाखालची आहे म्हणून आले. बाण एकही दिसला नाही बाई."

वकील उलटतपासणी घेणार होती, पण कर्णी तोवर पायऱ्या उतरून वाटेला लागली होती. पहिला दगड. बाण होता. दुसरा दगड. होता. ती त्या दगडाला वळसा घालून खाली गेली, थांबली आणि मागे वळली.

वर काळा कातळ. कोरा. त्याच्यावर एक ओघळसुद्धा नव्हता.

डोंगर चढून येणाऱ्याला एकही बाण दिसणार नव्हता. आणि डोंगर उतरून घरी चाललेल्याला प्रत्येक वळणावर पांढरा बाण लाल काठासकट सांगणार होता, की बाबा, परत वर जा.

आणि खालून आता तिघं चढत होते. अध्यक्ष, मोठ्या बाई आणि सर. फाटा. तिथे खाणीची वाट रुंद आणि दवाखान्याची अरुंद, त्यामुळे धुक्यात पाय आपोआप रुंदीकडे वळतात. खालून शिट्टी ऐकू आली. ती डावीकडून आली. डावीकडे खाण होती.

ती धावत वर आली. "सिस्टर, ते खाणीकडे गेलेत." कुजबुजतच म्हणाली.

सिस्टरने छत्री मिटली. "फाट्यापर्यंत मी नेते. त्याच्यापुढे एक पाऊल कुणी टाकायचं नाही. आणि एकमेकांना बांधून घ्या, या धुक्यात हातातला हात कधी सुटला ते कळत नाही. दोर आहे?"

दोर खाली तंबूत होता. वर होती ती फीत. कर्णीने तबकातली चांदीची कात्री उचलली.

"ही अध्यक्षांची फीत आहे," वकील म्हणाली.

"अध्यक्ष राहिले तर नवीन आणू," कर्णी म्हणाली, आणि कच्चकन कापली.

बापाने शिकवलेल्या गाठी कामी आल्या. पुढे सिस्टर, मागे कर्णी, मग वकील, शेवटी पुसट, चौघांच्या कमरेला लाल रेशमी फीत. बक्षिसाच्या खोक्यासारखी दिसणारी ही वरात फाट्यापर्यंत उतरली आणि थांबली.

सिस्टरने हाक मारली. हाक बरी होती, पण ती दवाखान्यात वापरायची, शेजारच्या खाटेवरचं कुणी जागं होऊ नये अशी. वकील ओरडली, तिला दोन हाकांत खोकला लागला. पुसटने तोंड उघडून मिटलं. त्याने हाक मारली असावी. खालून शिट्टी आली, खडकांवर आपटून चारी बाजूंनी आली, त्यामुळे काहीच कळलं नाही. मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. घरंगळत गेला आणि बऱ्याच वेळाने, खूप खाली, पाण्यात पडला.

वकील कर्णीकडे बघत राहिली. काही बोलली नाही. वकील बोलत नाही म्हणजे वेळ काय असेल ते समजा.

कर्णीला नदी दिसली. तराफा, ओंडके, आपण मारलेल्या गाठी, समुद्राचं तोंड. तिने ते सगळं एकदा नीट बघून घेतलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि सकाळपासून कोंडलेलं सोडून दिलं.

"थांबा. पुढे खाण आहे. मागे फिरा, आवाजाकडे या."

सिस्टरच्या हातातली छत्री उघडली. धुकंसुद्धा जरा मागे सरल्यासारखं झालं.

खालून शिट्टीसरांचा बारीक आवाज आला. "ऐकू येतंय. पण बोलत राहा. थांबलीस की दिशा हरवते."

बोलत राहायचं. कर्णीने आधी नुसतं इकडे, इकडे केलं. मग शाळेची प्रार्थना म्हटली. देवाला आज ती जरा जास्तच जवळून ऐकू आली असेल. मग पाढे झाले. सतराच्या पाढ्यावर गाडी रुतली, तशी ती सोडून दिली. आता पाठ असलेलं सगळं संपलं. उरलं ते मनात होतं. आणि धुक्यात समोर माणूस दिसत नाही, त्यामुळे आपण कुणाला सांगतोय हेच तिच्या ध्यानातून गेलं. एकदा गळा मोकळा झाला की पोट मागोमाग मोकळं होतं.

"तर मंडळी, ऐका," कर्णीने चाल धरली, "एका शाळेने पोरांना सांगितलं, डोंगर चढा, घाम गाळा. आणि तीन शहाणी पोरं कशात बसली?"

वकिलीला राहवलं नाही. "जीपमध्ये बसली."

"वर जाऊन उतरत आली. दगडा-दगडाला नटवत आली. आणि बाण कुठे काढले?"

"मागच्या अंगाला," वकील म्हणाली, आणि तिच्यामागून आणखी एक आवाज आला, जाडसर, सुरात. पुसट. दोघी क्षणभर मागे वळून बघत राहिल्या.

"ही कुणाची अक्कल? माझी. दोघांचा दोष नाही, ती माझ्या मागे आली. बाण कुठे काढले?"

"मागच्या अंगाला."

"खाली सर म्हणाले, वा, काय घाम. तो घाम नव्हता, तो ओढा होता. सरांची शिट्टी तर अशी, की जेवताना वाजते, झोपेत वाजते. देवाने हाक मारली तरी सरांना वाटेल, आपणच वाजवली. बाण कुठे?"

"मागच्या अंगाला."

आता सिस्टरही छत्रीच्या दांड्याने दगडावर ठेका देत होती. "आणि मोठ्या बाई," कर्णी रंगात आली होती, "त्यांचा शब्द म्हणजे दगड. म्हणाल्या, घंटा होईपर्यंत उठायचं नाही, आणि घंटा मेली. बसल्या. संध्याकाळ झाली, बसल्या. उद्या ढगाला म्हणतील, सुट्टीनंतर पड, आणि ढग बिचारा सुट्टीनंतर पडेल. अशा बाईंनी मला सांगितलं, आवाज चढला तर नदी विसर. चढला हो मंडळी, चढला, नदी गेली वाहून. बाण कुठे?"

"मागच्या अंगाला."

"आता अध्यक्षांचं ऐका. गुहेच्या तोंडाशी उभे राहिले, म्हणाले, बाळांनो, धीर म्हणजे काय, ते मी सांगतो. आणि आतून आलं पाखरांचं सैन्य..."

इथे कर्णीला खोकला आला. ती थांबली.

धुक्यातून, अगदी चार हातांवरून, एक धापा टाकणारा आवाज म्हणाला, "मग? अध्यक्षांनी काय केलं?"

तो अध्यक्षांचा आवाज होता.

आधी अध्यक्षांची टोपी दिसली, तिच्यावर झुडपाची काटकी. मग शिट्टीसर, शिट्टी दातात धरलेले, पण न वाजवता. शेवटी मोठ्या बाई. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा. पुसटने सवयीने हळूच एकदा "मागच्या अंगाला" म्हटलं आणि तो गप्प झाला.

मोठ्या बाई कर्णीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी आधी तिच्या कमरेकडे बघितलं. मग वकिलीच्या. मग पुसटच्या.

"ही फीत आहे."

"होय बाई." कर्णीचा आवाज आता खरोखरच बसला होता.

"कुणी कापली?"

"मी."

"कधी?"

"वर. निघताना."

"म्हणजे ओरडायच्या आधी."

वकील पुढे सरसावली. "बाई, अटीचे शब्द बघितले तर..."

"तू थांब. शब्द माझे आहेत." बाईंनी मोज्यातला पाय दुसऱ्या पायावर ठेवला. "फीत कापली जाईपर्यंत, असं म्हटलं होतं मी. कुणी कापायची ते नव्हतं म्हटलं. कापली, त्यानंतर आवाज चढला. अट पाळली गेली." त्यांनी खाणीच्या दिशेला बघितलं. "माझ्या बुटाखालचा दगड गेला तेव्हा तू थांबा म्हणालीस. बूटही गेला. त्याच्यावर मला आणखी बोलायचं नाही."

कर्णीच्या डोळ्यांना धार लागली.

"आणि घंटेची गोष्ट," बाई पुढे म्हणाल्या, "तू चुकीची सांगतेस. संध्याकाळपर्यंत नाही. पार अंधार पडेपर्यंत बसले होते. सांगायची तर नीट सांगावी."

"होय बाई."

"जीपचं आणि ओढ्याच्या घामाचं मात्र मी ऐकलंय. शनिवारी तिघांनी यायचं. दगडांची दुसरी बाजू रंगवायची. पायथ्यापासून, चढत. डबे हातात. मी मागून चालणार आहे."

"नवीन बूट घालून," अध्यक्ष म्हणाले, आणि बाईंनी त्यांच्याकडे बघितल्यावर त्यांनी टोपीवरची काटकी काढायला घेतली. मग त्यांना आपल्या कामाची आठवण झाली. "कात्री कुठे आहे?"

कर्णीने खिशातून काढून दिली. अध्यक्षांनी घसा साफ केला, भाषणाचं पहिलं वाक्य ओठांवर आणलं, चौघांचे चेहरे बघितले आणि ते परत गिळलं. कर्णीच्या आणि वकिलीच्या मधली फीत त्यांनी कापली. टाळ्या वाजवायला दवाखान्याची सिस्टर होती, तिने वाजवल्या.

उतरताना धुकं विरळ झालं होतं. प्रत्येक वळणावर बाण लखलखीत दिसत होता आणि प्रत्येक बाणापाशी अध्यक्ष थांबून म्हणत होते, "हा मला परत जा म्हणतोय." शेवटच्या दगडापाशी ते कर्णीच्या शेजारी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "त्या गुहेच्या गोष्टीत डब्याचं सांगू नकोस. बाकी सगळं सांग."

घरी पोचली तेव्हा करवत चालू होती. कर्णी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मला नदीला घेतलं." घशातून नुसती हवा आली. आईने फळीवरून मान वर केली. कर्णीने पुन्हा सांगितलं. पुन्हा हवाच.

बापाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने खटका ओढला आणि भर दिवसा, कामाच्या वेळेला, करवत थांबली. मागच्या खोलीतून आजीने घाबरून विचारलं, काय मोडलं?

"मला नदीला घेतलं," कर्णी कुजबुजली, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

आई तोवर जवळ येऊन तिच्या कपाळाला हात लावून उभी होती. "नदीचं बघू मागून," ती म्हणाली. "आधी ताप किती आहे ते बघू दे."